नलिनी मलानी : पुसून टाकलेल्या चित्रांतला स्त्रीदेह

तमिळनाडूतील कुंभकोणमपासून काही किलोमीटर अंतरावर, कावेरीच्या काठी, स्वामिमलई हे गाव आहे. येथील स्थपती आजही चोळकालीन पद्धतीने पंचधातूच्या मूर्ती घडवतात. नारळाच्या झावळीची पट्टी घडी घालून मूर्तीची मापे ठरवली जातात, मेणाची प्रतिमा तयार होते, तिच्यावर नदीच्या मऊ गाळाचे लेप चढतात आणि साचा तापवून मेण काढून टाकल्यावर त्या पोकळीत वितळलेला धातू ओतला जातो. या पद्धतीने घडलेल्या पार्वतीच्या देहाला वय नसते. तिच्या खांद्याचा उतार, कमरेचा बाक, बोटांची ठेवण हे सारे शास्त्राने ठरवून दिलेले असते. हजार वर्षांपूर्वीची मूर्ती आणि गेल्या महिन्यात ओतलेली मूर्ती यांतील स्त्री एकच, न थकणारी आणि न जखमी होणारी असते.

भारतीय कलेत स्त्रीदेहाची कमतरता कधीच नव्हती. मात्र दुखणारा, भ्यालेला, घरातून हाकलला गेलेला किंवा दंगलीत ओढून नेलेला देह या परंपरेत क्वचितच दिसतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काही भारतीय स्त्री-कलावंतांनी नेमक्या या देहाला आपल्या कलेचा विषय केले. मुंबईच्या नलिनी मलानी हे त्यांतील एक प्रमुख नाव. २०२३ मध्ये त्यांना कला आणि तत्त्वज्ञान विभागातील क्योटो पारितोषिक देण्यात आले. त्यापूर्वी, २०१९ मध्ये, त्या होआन मिरो पारितोषिकाच्या मानकरी ठरल्या होत्या. पाच दशकांहून अधिक काळ चाललेल्या त्यांच्या कामाच्या मुळाशी एक प्रश्न आहे. समाज पेटतो तेव्हा त्याची झळ स्त्रीच्या शरीरापर्यंत कशी पोहोचते आणि ती झळ चित्रात आणायची तरी कशी?

फाळणीचा वारसा

नलिनी मलानी यांचा जन्म १९४६ मध्ये कराचीत झाला. त्या एक-दीड वर्षाच्या असताना फाळणी झाली आणि कुटुंबाला सिंध सोडावा लागला. कोलकात्यात काही वर्षे काढून हे बिऱ्हाड मुंबईत स्थिरावले. ज्या शहराची स्वतःला आठवण नाही, त्या शहराविषयी घरातील मोठ्यांच्या तोंडून ऐकत वाढलेल्या पिढीतील त्या आहेत. फाळणी त्यांच्या कामात वारंवार येते. तिचे स्वरूप मात्र स्वतःच्या कुटुंबाच्या कहाणीपुरते राहत नाही. तो काळ स्त्रियांवर कसा कोसळला, याचा शोध त्या घेत राहतात.

हा शोध समजण्यासाठी थोडा इतिहास आठवावा लागतो. फाळणीच्या हिंसाचारात दोन्ही बाजूंनी स्त्रियांना पळवून नेण्यात आले. अशा स्त्रियांची संख्या सुमारे ७५ हजार असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. डिसेंबर १९४७ मध्ये दोन्ही देशांच्या सरकारांत त्यांना शोधून परत पाठवण्याचा करार झाला. १९४९ मध्ये भारतात त्यासाठी स्वतंत्र कायदाही करण्यात आला. या कायद्यात ती स्त्री कोणत्या देशाची हे ठरवले जाई, पण तिला स्वतःला कोठे राहायचे आहे या प्रश्नाला निर्णायक स्थान नव्हते. काहींना दुसऱ्यांदा घर सोडावे लागले, काहींची मुले मागे राहिली आणि काहींना त्यांच्याच माहेरच्या लोकांनी दारात उभे केले नाही. राष्ट्राची अब्रू स्त्रीच्या देहावर मोजली जाते, तेव्हा तिच्या इच्छेची नोंद घेण्याचे कोणाला सुचत नाही.

समाजशास्त्रज्ञ वीणा दास यांनी या स्त्रियांच्या मौनाविषयी लिहिलेल्या निबंधाचा आधार घेऊन मलानी यांनी २००५ मध्ये ‘मदर इंडिया : ट्रान्झॅक्शन्स इन द कन्स्ट्रक्शन ऑफ पेन’ ही पाच पडद्यांची दृश्यमांडणी केली. त्याच वर्षी व्हेनिसच्या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनात ती दाखवण्यात आली. देशाला माता म्हणणारी प्रतिमा आणि त्याच देशात माता, मुली व बहिणी यांच्या वाट्याला आलेली हिंसा या दोन्ही गोष्टी प्रेक्षकाला तेथे एकाच वेळी पाहाव्या लागतात. निर्मितीमागे १९४७ जितके होते, तितकेच २००२ च्या गुजरातमधील हिंसाचाराचे सावटही होते.

जे. जे. ते लोहार चाळ

मलानी यांचे कलाशिक्षण मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात झाले. १९६९ मध्ये त्यांनी तेथील पदविका घेतली. विद्यार्थिदशेतच त्यांना भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये काम करण्यासाठी जागा मिळाली होती. चित्रकार, वादक, नर्तक आणि नाटकवाले एकाच छताखाली काम करत असलेली ती वास्तू त्या काळच्या मुंबईच्या कलाजीवनाचे केंद्र होती. चित्र, नाटक आणि ध्वनी यांच्यात भिंती न मानण्याची मलानी यांची सवय तेथूनच आली असावी.

१९६९ मध्ये चित्रकार अकबर पदमसी यांनी सुरू केलेल्या ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’मध्ये त्या सामील झाल्या आणि कॅमेरा हाती घेतला. ‘ड्रीम हाउसेस’, ‘स्टिल लाइफ’ आणि ‘ओननिझम’ हे लघुपट त्याच वर्षातले. ‘ओननिझम’मध्ये पलंगावर एकटीच तळमळणारी तरुणी दिसते. स्त्रीच्या शरीराकडे पाहणारी नजर तोपर्यंत बहुधा पुरुष चित्रकाराची असे. येथे तरुण स्त्रीचीच नजर स्त्रीच्या अस्वस्थतेकडे वळली होती. १९६९ च्या मुंबईत अशा चित्रपटाला प्रेक्षक मिळणे कठीणच होते. या कामाचे मोल कित्येक दशकांनंतर ओळखले गेले.

‘ड्रीम हाउसेस’मध्ये रंगीत, भौमितिक घरांचे स्वप्न होते. पुढे १९७६ मध्ये मलानी यांनी त्याच्या शेजारी दुसरी, कृष्णधवल चित्रफीत ठेवली. तीत एक तरुणी उंच इमारतीतून खालच्या शहराकडे पाहते. दोन्ही फिती एकत्र दाखवल्या की त्यांना ‘युटोपिया’ असे नाव मिळते. स्वातंत्र्यानंतरच्या पिढीला सर्वांसाठी घरे, नवे शहर आणि नवा माणूस यांचे जे आश्वासन मिळाले होते, त्याचे पुढे काय झाले, हे त्या मुलीच्या नजरेतून पाहायला मिळते.

मधल्या काळात, १९७० ते १९७२ या वर्षांत, फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर त्या पॅरिसमध्ये होत्या. १९६८ च्या विद्यार्थी आंदोलनानंतरचे ते पॅरिस होते. त्यानंतर त्या मुंबईला परतल्या आणि शहरातील गर्दीच्या घाऊक बाजारपेठेत, लोहार चाळीत, त्यांनी कार्यशाळा थाटली. हातगाड्या, हमाल, रस्त्यावर संसार मांडलेल्या बाया आणि दुपारी पायरीवर डुलक्या घेणारी माणसे त्यांच्या कागदावर उतरू लागली. या रेखाटनांतून ‘हायरोग्लिफ्स, लोहार चाळ’ ही मालिका तयार झाली. त्यांनी छायाप्रत यंत्राचाही चित्रसाधन म्हणून वापर केला.

चौघींचे प्रदर्शन

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस भारतातील स्त्री-चळवळीला नवे बळ मिळत होते. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना निर्दोष ठरवले. त्याविरुद्ध देशभर निदर्शने झाली, मुंबईत स्त्रियांचे गट उभे राहिले आणि अखेर १९८३ मध्ये बलात्काराविषयीच्या कायद्यात दुरुस्ती झाली. स्त्रीच्या शरीरावर अंगठ्याएवढी जखम नाही म्हणून तिची संमती होती, असे मानणारी न्यायाची रीत प्रथमच इतक्या उघडपणे प्रश्नाखाली आली.

कलेचे जग मात्र अजून पुरुषांचेच होते. १९८७ ते १९८९ या काळात अर्पिता सिंग, माधवी पारेख, नीलिमा शेख आणि नलिनी मलानी या चौघींनी ‘थ्रू द लुकिंग ग्लास’ हे प्रदर्शन भारतातील वेगवेगळ्या शहरांत नेले. या चौघींची शैली एक नव्हती. पारेख यांच्या चित्रांत गावाकडची लोककला होती, शेख यांच्या चित्रांत लघुचित्रांची परंपरा होती, सिंग यांच्या चित्रांत घरगुती वस्तूंच्या गर्दीत दडलेली भीती होती. स्त्रियांनी स्वतःच्या पुढाकाराने, एकमेकींच्या सोबतीने प्रदर्शन भरवावे, ही घटना त्या वेळी नवीनच होती.

भिंतीवर काढले, भिंतीवरच पुसले

१९९२ मध्ये मुंबईच्या गॅलरी शेमोल्डमध्ये मलानी यांनी ‘सिटी ऑफ डिझायर्स’ ही कलाकृती केली. ही गॅलरी तेव्हा जहांगीर कलादालनाच्या इमारतीत होती. मलानी यांनी कॅनव्हास टांगला नाही. गॅलरीच्या भिंतींवरच चित्रे काढली आणि प्रदर्शन संपल्यावर त्यांवर चुना फिरवण्यात आला. राजस्थानातील नाथद्वारा येथील एकोणिसाव्या शतकातील भित्तिचित्रे दुर्लक्षामुळे नष्ट होत असल्याचा निषेध त्यामागे होता. विकता न येणारे, घरी नेता न येणारे आणि ठरावीक दिवसांनी नाहीसे होणारे चित्र कलाबाजाराच्या दृष्टीने निरर्थकच होते. तेव्हापासून भिंतीवर कोळशाने रेखाटणे आणि प्रदर्शनाच्या अखेरीस ते समारंभपूर्वक पुसणे, हा मलानी यांच्या कामाचा कायमचा भाग झाला.

त्याच वर्षी ६ डिसेंबरला अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली आणि डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत दंगली उसळल्या. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार त्यांत सुमारे ९०० जण मरण पावले. या पार्श्वभूमीवर १९९३ मध्ये मलानी यांनी अभिनेत्री अलकनंदा समर्थ यांच्यासह मॅक्सम्युलर भवनात जर्मन नाटककार हायनर म्युलर यांच्या संहितेवर आधारित मेडीआचा प्रयोग केला. ग्रीक पुराणातील मेडीआ परक्या देशात आणली गेलेली, वापरून झाल्यावर टाकून दिलेली आणि सूडापोटी स्वतःच्या मुलांना मारणारी स्त्री. देश सोडलेली, घर हिरावलेली ही परकी बाई दंगलग्रस्त मुंबईला अनोळखी वाटण्याचे कारण नव्हते.

या काळात मलानी एकट्या नव्हत्या. मुंबईच्याच रुम्माना हुसेन यांनी १९९२ नंतर रंग-कॅनव्हास बाजूला ठेवून फुटलेली मडकी, चुना आणि गेरू यांतून कलाकृती घडवल्या. १९९५ मध्ये ‘लिव्हिंग ऑन द मार्जिन्स’ या प्रयोगात त्या कापलेली अर्धी पपई हातात घेऊन, आवाज न काढता तोंड उघडून प्रेक्षकांसमोर चालत राहिल्या. कर्करोगाने १९९९ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे शकुंतला कुलकर्णी यांनी वेताची चिलखते विणून ती स्वतःच्या अंगावर चढवली. देहाचे रक्षण करणारे चिलखतच त्याचा पिंजरा होते, हा त्यांच्या कामाचा विषय. तिघींची माध्यमे वेगळी असली, तरी शहरातील भीती स्त्रीच्या अंगावर कशी उतरते, हेच तिघींनी पाहिले.

फिरत्या नळ्या आणि सावल्या

१९९८ च्या मे महिन्यात पोखरणमध्ये अणुचाचण्या झाल्या आणि त्यानंतर पाकिस्ताननेही चाचण्या केल्या. मलानी यांनी त्याच वर्षी ‘रिमेंबरिंग टोबा टेक सिंग’ ही दृश्यमांडणी सुरू केली. सआदत हसन मंटो यांच्या प्रसिद्ध कथेत फाळणीनंतर वेड्यांचीही वाटणी होते आणि एक वेडा दोन्ही देशांच्या मधल्या जमिनीवर कोसळतो. मलानी यांच्या मांडणीत निर्वासितांच्या पत्र्याच्या १२ ट्रंकांत दूरचित्रवाणी संच ठेवले होते. समोरासमोरच्या भिंतींवरील पडद्यांत दोन स्त्रिया एका साडीची घडी घालू पाहतात. दोघींच्या मधे मात्र खोलीचे सारे अंतर असते. साडीची घडी घालण्यासाठी दोन टोकांना दोघीजणी लागतात, हे प्रत्येक घरातील रोजचे दृश्य येथे दोन देशांच्या सीमेवर येऊन थांबते.

मलानी यांची सर्वांत ओळखीची झालेली रीत म्हणजे दृश्य आणि सावल्यांचा खेळ. पारदर्शक पत्र्याच्या मोठ्या नळ्यांच्या आतील बाजूने चित्रे रंगवायची, त्या नळ्या छताला टांगून संथ गतीने फिरवायच्या आणि त्यांतून चलचित्रांचा झोत सोडायचा. भिंतीवर रंगीत प्रतिमा आणि त्यांच्या सावल्या एकमेकींवर सरकत राहतात. खोलीत फिरणाऱ्या प्रेक्षकाची सावलीही त्यांत मिसळते. चित्रातील हिंसा पाहणारा माणूस काही क्षण त्या चित्रातच दिसू लागतो.

मागील बाजूने रंगवण्याचे हे तंत्र मलानी यांनी चित्रकार भूपेन खख्खर यांच्याकडून शिकून घेतले. या तंत्राचा एक धागा पुन्हा कावेरीच्या खोऱ्यात पोहोचतो. चीनमधून व्यापाराच्या वाटेने आलेली काचेवरील चित्रकला अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत भारतात रुजली आणि भोसले राजांच्या अमलाखालील तंजावर हे तिचे एक महत्त्वाचे केंद्र झाले. या पद्धतीत चित्राचा क्रम उलटा असतो. डोळ्यांची बाहुली, दागिन्यांचे मोती, ओठांची रेघ आधी काढावी लागते आणि पार्श्वभूमी सर्वांत शेवटी. एकदा मागचा रंग चढला की पुढची चूक सुधारता येत नाही. तंजावरच्या कारागिरांनी या काचेवर देव, राजे आणि नटलेल्या स्त्रिया रंगवल्या. मलानी यांनी त्याच तंत्राने दुभंगलेली, पडणारी, ओरडणारी माणसे रंगवली.

२०१२ मध्ये जर्मनीतील कासेल येथील ‘डॉक्युमेंटा’ प्रदर्शनात ‘इन सर्च ऑफ व्हॅनिश्ड ब्लड’ ही मांडणी दाखवली गेली. तिचे नाव फैज अहमद फैज यांच्या एका कवितेच्या इंग्रजी अनुवादावरून घेतले आहे. रक्त सांडले, पण त्याचा माग कोठेच उरला नाही, ही त्या कवितेची वेदना. क्रिस्टा वोल्फ यांच्या लेखनातील कसांड्रा आणि महाश्वेतादेवी यांच्या कथेतील द्रौपदी या दोघीही या मांडणीत येतात. कसांड्राला भविष्य दिसते, पण तिच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. महाश्वेतादेवींची आदिवासी द्रौपदी अत्याचारानंतर वस्त्र नाकारून अधिकाऱ्यासमोर उभी राहते आणि भ्यायची पाळी त्याच्यावर येते. महाभारतातल्या द्रौपदीसाठी कृष्ण धावून येतो. या द्रौपदीसाठी कोणी येत नाही. तिची लाज हे आपले शस्त्र आहे असे मानणाऱ्यांच्या हातून ती ते शस्त्रच काढून घेते.

रविवर्म्याच्या अकरा जणी

परंपरेतील स्त्रीप्रतिमेशी मलानी यांचे भांडण ‘युनिटी इन डायव्हर्सिटी’ या २००३ च्या कामात सर्वाधिक स्पष्ट दिसते. राजा रविवर्मा यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रंगवलेल्या ‘गॅलॅक्सी ऑफ म्युझिशियन्स’ या चित्रात भारताच्या वेगवेगळ्या प्रांतांतील ११ स्त्रिया आपापल्या वेशांत, वाद्यांसह एकत्र बसल्या आहेत. हे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. देशाची एकता या मैफलीत पाहण्याची सवय भारतीयांना आहे. मलानी यांनी हेच चित्र घरगुती दिवाणखान्यासारख्या मांडणीत, सोनेरी चौकटीत चलचित्र म्हणून ठेवले. मैफल सुरू असते आणि मध्येच गोळीचा आवाज येतो. गुजरातमधील हिंसाचार होऊन तेव्हा एकच वर्ष झाले होते. घरातील कोचावर बसून दूरच्या दंगलीच्या बातम्या पाहणाऱ्या मध्यमवर्गालाच मलानी यांनी येथे समोर बसवले आहे.

वेदना दाखवावी किती?

या प्रकारच्या कलेपुढे एक कठीण प्रश्न असतो. अत्याचार झालेल्या स्त्रीचे चित्र पुन्हा पुन्हा दाखवणे, हा तिच्यावर पुन्हा एक अन्याय तर नव्हे? वृत्तपत्रांपासून चित्रपटांपर्यंत सर्वत्र हा प्रश्न आहे. कलादालनात तो अधिक तीव्र होतो, कारण तेथे येणारा प्रेक्षक बहुधा सुस्थितीतला आणि घटनास्थळापासून दूर राहणारा असतो.

मलानी यांच्या कामातून या प्रश्नाचे संपूर्ण नसले, तरी एक उत्तर मिळते. २०१८ मध्ये जम्मूतील कठुआ येथे आठ वर्षांच्या मुलीवर झालेल्या अत्याचाराने आणि हत्येने देश हादरला. मलानी यांनी आयपॅडवर बोटाने रेखाटलेल्या ८८ चलचित्रांची ‘कॅन यू हिअर मी?’ ही मांडणी २०२० मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल गॅलरीत दाखवली. तिच्या नावामागे त्या मुलीची न ऐकली गेलेली हाक आहे. मांडणीत त्या घटनेचे चित्रण नाही. वहीतल्या गिरवणीसारख्या वेगवान रेषा, उड्या मारणारी मुलगी, मध्येच उमटणारे शब्द आणि विझणाऱ्या आकृत्या नऊ झोतांतून भिंतीवर धावतात. कोणतीही प्रतिमा डोळे भरून पाहण्याइतका वेळ थांबत नाही. दुसऱ्याच्या वेदनेचे प्रदर्शन होऊ नये, यासाठी प्रतिमेला स्थिरच होऊ न देणे, हा त्यांनी काढलेला मार्ग आहे.

या मार्गावरही आक्षेप घेता येतो. मुंबईतील दंगल, गुजरात आणि कठुआ यांवरील कामांचा मोठा गौरव पॅरिस, तुरीन, लंडन आणि क्योटो येथे झाला. २०१४ मध्ये दिल्लीच्या किरण नाडर संग्रहालयाने त्यांच्या कामाचा व्यापक आढावा घेतला, २०१७-१८ मध्ये पॅरिसच्या पॉम्पिदू केंद्राने आणि तुरीनजवळील कास्तेलो दी रिवोली संग्रहालयाने सिंहावलोकनी प्रदर्शने भरवली, तर २०२३ मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीत ‘माय रिअ‍ॅलिटी इज डिफरंट’ ही मांडणी झाली. ज्या वस्त्यांतील स्त्रियांविषयी ही कला बोलते, त्या स्त्रियांपर्यंत ती पोहोचते का, हा प्रश्न शिल्लक राहतो. भारतातील जिल्ह्याच्या गावी अशा कलेसाठी जागा, झोतयंत्रे आणि अंधारी दालने नाहीत. ही उणीव एकट्या कलावंताची नाही. परंतु तिच्यामुळे या कामाचा पहिला प्रेक्षक कित्येकदा सर्वांत शेवटी पोहोचतो.

लंडनच्या प्रदर्शनात मात्र मलानी यांनी प्रश्नाची दिशा उलटवली. नॅशनल गॅलरीतील आणि बाथ येथील होलबर्न संग्रहालयातील जगप्रसिद्ध युरोपीय चित्रांवर त्यांनी आपली चलचित्रे चढवली. त्या तैलचित्रांत कोपऱ्यात उभ्या असलेल्या दासी, शिरच्छेदाच्या दृश्यातल्या स्त्रिया आणि पाठमोरे नोकर त्यांच्या रेषेने पुढे आणले. अभिजात म्हणून गौरवलेल्या सौंदर्यात कोणाची हिंसा झाकली गेली, हे पाहण्याची नजर मुंबईतून लंडनला गेली होती.

स्वामिमलईच्या भट्टीतून निघालेली देवीची मूर्ती शतकानुशतके पूजली जावी, अशी तिच्या घडवणाऱ्याची इच्छा असते. मलानी यांच्या भिंतीवरील आकृत्यांचे आयुष्य प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवसापर्यंतच असते. त्या दिवशी हात भिंतीवरून फिरतो, कोळशाची काळी धूळ खाली पडते आणि स्त्रीचा चेहरा हळूहळू राखाडी डाग होतो. जहांगीर कलादालनातील १९९२ च्या त्या भिंतीवर आज चित्राची कसलीही खूण नाही. ते काढले जात असतानाची चित्रफीत तेवढी उरली आहे आणि तीच आता जगभरच्या संग्रहालयांत दाखवली जाते.